विभागप्रमुखाच्या पाठीशी कोण? कला शाखेतलं अध्यापन-नेतृत्व आणि धाराशिव जिल्हा

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका कायम ठेवला आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



मी विभागप्रमुख झालो तो दिवस अजून आठवतो. आधीचे सर निवृत्त झाले होते. शिपायाने एक किल्ली आणून दिली आणि म्हणाला, "सर, हे कपाट तुमचं." कपाटात जुने हजेरीपट होते, दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या आणि एक तुटका शिक्का. बस, एवढाच पदभार! विभागात काय चाललं आहे, कोणत्या पेपरात मुलं अडतात, कोणता प्रयोग करून पाहिला आणि का सोडून दिला, यातलं काहीही कुठे लिहिलेलं नव्हतं. ते सगळं आधीच्या सरांच्या डोक्यात होतं, आणि सर गावी निघून गेले होते.

ही तक्रार म्हणून सांगत नाही. आपल्याकडे असंच असतं आणि त्यात कोणालाही वावगं वाटत नाही, म्हणून सांगतोय. शिकवायला माणूस नेमताना आपण नेट-सेट पाहतो, पीएचडी पाहतो, मुलाखत घेतो. पण चार जणांच्या शिकवण्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकतो त्याची तयारी काय, हे विचारत नाही. सेवाज्येष्ठतेने पद येतं आणि किल्ली हातात पडते.

आजचा विषय तोच आहे. कला आणि मानव्यविद्या शाखेत, म्हणजे मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान, संगीत या विषयांत, अध्यापनाचं नेतृत्व करणाऱ्यांना आधार कसा द्यायचा? आणि मी हे मुंबई-पुण्याच्या नाही, आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात बोलणार आहे.

नेतृत्व म्हणजे कोण?

'नेतृत्व' म्हटलं की आपल्याला प्राचार्य आठवतात, कुलगुरू आठवतात. पण वर्गात काय शिकवलं जाईल आणि कसं, हे प्रत्यक्षात ठरवणारी माणसं वेगळी असतात. विभागप्रमुख असतात. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे, म्हणजे आयक्यूएसीचे समन्वयक असतात. अभ्यास मंडळावर बसणारे शिक्षक असतात. आणि आता नव्या धोरणामुळे प्रत्येक महाविद्यालयात एक 'एनईपी समन्वयक' आला आहे. छोट्या महाविद्यालयात या चारही टोप्या बहुधा एकाच डोक्यावर असतात. वर एनएसएस असेल तर पाचवी.

यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आणि सहयोगी प्राध्यापकाला १४ तास. आठवड्याचं एकूण काम ४० तासांचं धरलेलं आहे. म्हणजे १६ तास शिकवून उरले २४. त्यात वाचन, तयारी, उत्तरपत्रिका, संशोधन आणि विद्यार्थ्यांशी बोलणं. विभाग चालवण्याचे तास या गणितात कुठे बसतात? ते घरचे असतात, रात्री जेवणानंतरचे. म्हणून बहुतेक विभागप्रमुख 'विभाग चालवणे' म्हणजे 'माहिती भरून पाठवणे' असं समजून मोकळे होतात. त्यांचा दोष नाही. वेळ तेवढाच उरतो.

तीन विद्यापीठांच्या सांध्यावरचा जिल्हा

आता आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण. नकाशा डोळ्यांसमोर आणा.

आपली महाविद्यालयं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली. विद्यापीठ १९५८ साली स्थापन झालं. धाराशिवला उपपरिसर आहे, त्याचा उपयोगही होतो. पण मुख्य परिसर छत्रपती संभाजीनगरला. इथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. उमरग्याहून त्याहीपेक्षा जास्त. अभ्यास मंडळाच्या दोन तासांच्या बैठकीसाठी पहाटेची एसटी आणि रात्रीचा परतीचा प्रवास.

१९९४ साली नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि लातूर तिकडे गेलं. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं. परिणाम काय झाला पाहा. कळंबच्या इतिहासाच्या सरांना विषयावर बोलायला सगळ्यात जवळचं मोठं गाव लातूर, पण लातूर वेगळ्या विद्यापीठात. तुळजापूरच्या मॅडमना सोलापूर तासाभरावर, पण सोलापूरही वेगळ्या विद्यापीठात. ज्यांच्याशी चहा पिता पिता बोलता येईल ते परक्या विद्यापीठाचे, आणि आपल्या विद्यापीठाचे सहकारी रात्रभराच्या अंतरावर!

मी याला शैक्षणिक एकटेपण म्हणतो. विज्ञान शाखेत निदान प्रयोगशाळा असते, चार माणसं एका खोलीत काम करतात. कला शाखेत एका विषयाला एकच पूर्णवेळ शिक्षक आणि सोबत तासिका तत्त्वावरचे एक-दोघे, हे चित्र आपल्याला परिचित आहे. अशा विभागाचा प्रमुख नेतृत्व कोणाचं करणार? स्वतःचंच.

आणखी एक गोष्ट. २०१८ साली नीती आयोगाने आपला जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतला. महाराष्ट्रातले असे जिल्हे चार: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि आपला. त्या कार्यक्रमात शिक्षणाचे निकष आहेत, पण ते शाळेचे आहेत. बी.ए.च्या वर्गात काय होतं, ते त्या फळ्यावर दिसत नाही. जे मोजलं जात नाही, त्याच्याकडे लक्षही जात नाही.

प्रशिक्षण आहे, पण कशाचं?

कोणी म्हणेल, प्रशिक्षण तर आहे की! आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून देशात अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं सुरू झाली. २०१५ मध्ये त्यांना मानव संसाधन विकास केंद्रं म्हणू लागले, २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं. पाट्या बदलल्या तरी आपल्या बोलण्यात अजून 'ओरिएंटेशन' आणि 'रिफ्रेशर' हेच शब्द आहेत.

या वर्गांना मी नावं ठेवणार नाही. माझी काही उत्तम मैत्री तिथे जमली. पण त्यांची रचना समजून घ्या. शिक्षक एकटा जातो, व्याख्यानं ऐकतो, प्रमाणपत्र घेतो. ते प्रमाणपत्र कॅसच्या फाइलला, म्हणजे पदोन्नतीला लागतं. परत येतो तेव्हा विभाग जिथे होता तिथेच असतो. शिकलेली गोष्ट विभागात आणायची कशी, नाखूश सहकाऱ्याला बरोबर घ्यायचं कसं, दोन शिक्षकांच्या गुण देण्यातली तफावत कमी कशी करायची, हे तिथे फारसं येत नाही. प्रशिक्षण व्यक्तीचं होतं आणि अडचण विभागाची असते.

नव्या धोरणाने काय आणलं

आता ही अडचण का तातडीची झाली? संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवा आराखडा लागू झाला. मुख्य विषय, गौण विषय, खुले वैकल्पिक, कौशल्य अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानपरंपरा, क्षेत्रप्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तासिका. प्रत्यक्ष कामाचं एक क्रेडिट म्हणजे किमान ३० तास. चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग धरलं तर एका विद्यार्थ्याचे १२० तास.

कागदावर हे उत्तम आहे. पण परंड्याच्या मराठी विभागप्रमुखाने तीस मुलांना १२० तास कुठे पाठवायचं? बँकेत पाठवलं तर मराठीचा संबंध काय? कुठेच नाही पाठवलं तर खोटी प्रमाणपत्रं. आणि इथेच खरी गोम आहे. नेतृत्वाला आधार मिळाला नाही, तर धोरण खोटेपणाकडे घसरतं. मुलगा १२० तासांचा शिक्का घेऊन बाहेर पडतो, हातात मात्र काहीच नसतं. हा मुलगा बहुतेक वेळा त्याच्या घरातला पहिला पदवीधर असतो. त्याच्या आईबापाने त्या पदवीवर भरवसा ठेवलेला असतो.

उलट, आधार मिळाला तर काय होऊ शकतं? आपल्या जिल्ह्याइतकी मानव्यविद्येची प्रयोगशाळा क्वचित कुठे असेल. तेर घ्या. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात आणि टॉलेमीच्या भूगोलात आलेलं 'तगर' ते हेच. तिथे सातवाहन काळातले अवशेष आहेत, रोमन व्यापाराच्या खुणा आहेत, रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे, आणि गोरोबाकाकांची समाधी आहे. इतिहासाचा विद्यार्थी तिथे एका वस्तूची नोंद करायला शिकेल. मराठीचा विद्यार्थी तीच नोंद गावच्या माणसाला कळेल अशा भाषेत लिहायला शिकेल. इंग्रजीचा विद्यार्थी तिचा अनुवाद करेल. एक काम, तीन विभाग.

तुळजापूरला गोंधळाची परंपरा आहे. लोहारा-उमरगा भागात ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाच्या आठवणी सांगणारी माणसं आज आहेत, पंधरा वर्षांनी किती असतील? उमरग्याकडे मराठी आणि कन्नड एकाच बाजारात ऐकू येतात. गावोगावी दखनी बोलणारी घरं आहेत. आणि क्षेत्रकार्य कसं करायचं हे शिकवणारी टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९८०च्या दशकापासून तुळजापुरात आहे. सामान सगळं आहे. जोडणारा माणूस हवा, आणि त्या माणसाला वेळ हवा, सोबत हवी.

आधी कोणी हे केलं होतं का?

केलं होतं, आणि मराठवाड्यातच केलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस स्वतः नाटककार. पुढे डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून येऊन प्राचार्य झाले. त्या परिसरात १९६०च्या दशकाच्या अखेरीला 'अस्मिता' हे नियतकालिक निघालं, त्याचं 'अस्मितादर्श' झालं, आणि मराठीचे प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांनी ते कित्येक वर्षं चालवलं. दलित साहित्याच्या चळवळीला त्याने व्यासपीठ दिलं.

यातून मी काय घेतो? या माणसांनी नेतृत्व विकासाचा कोर्स केलेला नव्हता. पण त्यांना तीन गोष्टी मिळाल्या. एक, विषय जगणारे सहकारी, एकाच आवारात. दोन, विद्यार्थ्याचं लेखन छापून येईल अशी जागा. तीन, हा विद्यार्थी केवळ परीक्षार्थी नाही, त्याच्याकडे सांगण्यासारखं आहे, हा संस्थेचा विश्वास. यातली एकही गोष्ट प्रचंड पैशाची नाही.

दुसरं उदाहरण दूरचं, ब्रिटनचं. तिथे २००० सालापासून विद्यापीठांतल्या अध्यापनासाठी विषयवार केंद्रं उभी केली होती, एकूण २४. इंग्रजी साहित्याला वेगळं, भाषांना वेगळं, इतिहासाला वेगळी व्यवस्था. कल्पना साधी होती. 'चांगलं शिकवा' असं सगळ्यांना सरसकट सांगून भागत नाही. कवितेचा तास आणि रसायनशास्त्राचा तास यांच्या अडचणी वेगळ्या. शिक्षकाचा विश्वास आधी आपल्या विषयाच्या माणसावर बसतो, मग प्रशिक्षकावर. ही केंद्रं २०११च्या सुमारास बंद झाली, कारण निधीची दिशा बदलली. दोन्ही धडे घ्यायचे. आधार विषयवार द्या, हा पहिला. आणि तो एकाच अनुदानाच्या खुंटीला टांगू नका, हा दुसरा.

मग आपण काय करावं?

चार गोष्टी सुचवतो. सगळ्या उद्यापासून करता येतील अशा.

पहिली, विभागाची वही. माझ्या त्या कपाटात जी नव्हती ती. सत्राच्या शेवटी एक पान लिहायचं. काय शिकवलं, मुलं कुठे अडली, काय नवं केलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. नॅकसाठी नाही, पुढच्या माणसासाठी. दहा सत्रांची दहा पानं झाली की तो विभागाचा वारसा होतो.

दुसरी, जिल्ह्याचं विषय मंडळ. मराठीचं एक, इतिहासाचं एक, इंग्रजीचं एक. दोन महिन्यांतून एक शनिवार, दर वेळी वेगळ्या गावी. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा. बोलावताना विद्यापीठाची हद्द पाहायची नाही. लातूरचे सर, सोलापूरच्या मॅडम यायला हव्यात. अभ्यासक्रम वेगळा असेल, पण निबंध न लिहिता येणारा विद्यार्थी सगळीकडे सारखाच असतो. आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना बोलवायचंच. वर्गातले कितीतरी तास तेच घेतात. त्यांना वगळून केलेली चर्चा अर्धीच राहते. त्यांचा प्रवासखर्च महाविद्यालयाने द्यावा. एसटीचं भाडं कोणत्याही संस्थेला जड नाही.

या मंडळात करायचं काय? भाषणं नकोत. एक नमुना सांगतो. विद्यार्थ्याचं एक उत्तर घ्या, नाव झाकून त्याच्या पाच झेरॉक्स काढा, पाच शिक्षकांना द्या. वीसपैकी गुण द्यायला सांगा. मी हे करून पाहिलं आहे. एकाच उत्तराला सात आणि पंधरा गुण पडले. सात देणारे सर म्हणाले, मुद्दे कमी आहेत. पंधरा देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, पण ही वाक्यं गाइडमधली नाहीत, पोरीने स्वतः विचार केला आहे. मग तासभर जी चर्चा झाली, ती मला कुठल्याही रिफ्रेशरमध्ये मिळाली नव्हती. आपण नक्की कशाला गुण देतो? मुद्द्यांना, की विचाराला? आता मोबाइलवर एआय क्षणात गुळगुळीत उत्तर लिहून देतो. अशा वेळी हा प्रश्न टाळून चालणारच नाही.

तिसरी, एकमेकांचा तास पाहणं. तपासणी म्हणून नाही. पाहणाऱ्याने लिहायचं ते एवढंच, की मुलं कधी पेनं खाली ठेवून ऐकू लागली आणि कधी खिडकीबाहेर पाहू लागली. ते पान ज्याचा तास त्याला द्यायचं. प्राचार्यांकडे जाणार नाही, ही अट. विभागप्रमुखाने आधी स्वतःचा तास दाखवायचा. त्याशिवाय दुसरा कोणी दार उघडणार नाही.

चौथी, वेळ. ही प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना विनंती. वेळापत्रकात विभागप्रमुखासाठी आठवड्याचे दोन तास विभागाचे म्हणून लिहा. त्या वेळेत त्याला परिपत्रकांची उत्तरं मागू नका. दोन तास फार नाहीत. पण वेळापत्रकात छापलेला तास खरा मानला जातो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

एक स्पष्ट मर्यादा

इथे एक गोष्ट न सांगणं अप्रामाणिक ठरेल. यातली कोणतीही गोष्ट रिक्त जागा भरण्याला पर्याय नाही. ज्या विभागात पूर्णवेळ माणूसच नाही, तिथे 'नेतृत्व विकास' ही थट्टा होते. रिकामी खुर्ची कशी सांभाळावी याचं प्रशिक्षण देता येत नाही. तेव्हा विषय मंडळात जमाल तेव्हा हेही लिहून काढा: आपल्या विषयाला जिल्ह्यात किती मंजूर जागा, किती भरलेल्या, किती तासिका कोण घेतं. एका शिक्षकाचं गाऱ्हाणं म्हणून त्याला उत्तर मिळत नाही. सगळ्या महाविद्यालयांचं मिळून एक पान तयार झालं, तर ते वाचावं लागतं.

जानेवारी २०२०मध्ये याच गावात ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. तीन दिवस गाव भाषेने भारलेलं होतं. मांडव उतरला आणि आपण वर्गात परतलो. मला वाटतं, मांडव तीन दिवसांचा असतो आणि वर्ग तीन वर्षांचा. वर्गाची राखण करणारा माणूस एकटा पडू नये, एवढंच माझं मागणं आहे.



प्रश्नोत्तरं

*प्रश्न:* सर, मी तासिका तत्त्वावर आहे. मला विभागात मत विचारलं जात नाही. मी नेतृत्व कसं करणार?

*उत्तर:* मॅडम, तुमची अडचण खरी आहे आणि तिचं खापर तुमच्यावर फोडणार नाही. पण वही तुम्ही सुरू करू शकता. तुमच्या एका पेपरची. सत्र संपताना ते पान विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. पुढच्या वर्षी तुम्ही तिथे असाल-नसाल, ते पान राहील. आणि नवीन महाविद्यालयात मुलाखतीला जाल तेव्हा ती प्रत सोबत न्या. 'मी कशी शिकवते' याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

*प्रश्न:* विषय मंडळाला विद्यापीठाची मान्यता लागेल का?

*उत्तर:* शनिवारी चहा प्यायला मान्यता कशाला? सुरू करा. चार बैठका नीट झाल्या, चार पानं हातात आली, की मग ती अभ्यास मंडळापुढे ठेवा. तिथे काही सदस्य संलग्न महाविद्यालयांतूनच आलेले असतात, ते तुमचेच सहकारी आहेत. आधी मान्यता आणि मग काम असं ठरवलं, तर दोन्ही राहून जातील. पहिली बैठक कुठे घ्यायची म्हणता? तेरला घ्या. संग्रहालय पाहा, गोरोबाकाकांच्या समाधीपाशी बसा आणि सोबत ते पाच झेरॉक्स न्यायला विसरू नका.